तीस वर्षं उंबऱ्याबाहेर

गणपती बोळवले की चार-सहा दिवसांत माझ्या थैलीत पोस्टकार्डांचा एक वेगळा गठ्ठा पडायचा. छापील, सगळी एकसारखी, खाली नाव तेवढं बदललेलं. वर 'उत्तम क्षमा', आणि खाली वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं गेलं असेल तर क्षमा असावी, अशा अर्थाच्या दोन ओळी. पोस्टकार्डाला पाकीट नसतं, त्यामुळं पोस्टमन ते वाचतोच. वाचत नाही म्हणणारा पोस्टमन खोटं बोलतो. तर तीस वर्षं मी ही कार्डं वाचली, वाटली, आणि संक्रांतीला आपण तिळगूळ देतो तसलंच काहीतरी जैनांचं असेल म्हणून विसरून गेलो.

माझी सगळी नोकरी निपाणी-चिकोडीकडच्या गावांत झाली. तंबाखू, ऊस, दूधगंगेचं पाणी. एका दारात मराठी, पुढच्या दारात कानडी, तिसऱ्या दारात अर्धं-अर्धं. पत्ते दोन्ही लिप्यांत यायचे म्हणून कामापुरतं कानडी वाचायला शिकलो. दारावरून घर ओळखण्यात मी पटाईत होतो. चौकटीवर णमोकार मंत्राचं स्टिकर आहे, की भस्माचे तीन पट्टे, की ७८६, की गणपतीची टाइल. सही घ्यायची नाहीतर अंगठा, पाणी मिळालं तर प्यायचं, पुढं सायकल. दाराच्या आत पोस्टमनचं काम नसतं. दारावर दिसतं तेवढंच आत असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्यातून आपला सीमाभाग. १९५६ पासून इथं माणूस भेटला की मनात पहिला प्रश्न येतो तो मराठी की कानडी हा. ते एकदा कळलं की माणूस कळला. तो देवापुढं उभा राहून काय म्हणतो, हे विचारायला आम्हाला सवडच झाली नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. अण्णा हे माझ्या बीटमधले जुने शेतकरी, जैन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरी दशलक्षण पर्वाचे, म्हणजे भाद्रपदातल्या दहा दिवसांचे उपास चाललेत असं कळलं. बाजारात नवी रताळी आली होती. आम्ही माळकरी, उपास म्हटला की आमचा हात आपोआप रताळ्याकडं जातो. चांगली पाच किलो घेतली, अंगावर माती असलेली, ताजी. पिशवी नेऊन अण्णांच्या सोप्यात ठेवली आणि म्हटलं, "उपासाला आणलीत."

अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, पिशवीत डोकावून अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी आढ्याकडं पाहिलं. मग दोघंही हसायला लागले.

"तात्या, हे कंदमूळ की," अण्णा म्हणाले.

कांदा-लसूण चालत नाही, दिवस मावळल्यावर खात नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. रताळं कुठं ठाऊक होतं? अण्णांनी सांगितलं ते असं: झाडावरचं फळ तोडलं तर झाड जगतं, पण कंद उपटला की झाड मुळासकट गेलं, मातीतले जीव गेले, आणि त्या एका कंदात अनंत जीव राहतात असं त्यांचं शास्त्र सांगतं. "आमच्याकडं एरवी बटाटा शिजतो, खोटं कशाला बोलू? पण या दहा दिवसांत नाही."

आणि उपास म्हणजे उपास. पाणी घेतलं तर घेतलं, कुणी तेही घेत नाही. त्यांची धाकटी सून त्या वर्षी दहाही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर होती आणि दुपारी उन्हात ज्वारी निवडत बसली होती. माझ्या डोळ्यांपुढं आमची एकादशी आली. खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. माझी पिशवी शेवटी गड्याच्या घरी गेली.

घरी येताना मला लाज वाटली ती चूक झाली म्हणून नव्हे. तीस वर्षं ज्यांच्या सोप्यात पाणी प्यायलो, त्यांच्याबद्दल ते काय खात नाहीत एवढंच मला माहीत होतं, आणि तेही अर्धंच. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि म्हटलं, मला सगळं पहिल्यापासून सांगा. अण्णा म्हणाले, "मी काय पंडित आहे काय? बस्तीत या, बघा, मग विचारा."

बस्ती म्हणजे जैन मंदिर, आमच्याकडं हाच शब्द चालतो. पहाटे गेलो. उपाध्ये मूर्तीला अभिषेक करत होते. पाणी, दूध, दही, उसाचा रस. सगळं ओळखीचं वाटलं आणि मी सुरू झालो. हे तर आमच्या पंचामृतासारखंच. अभिषेकाचं पाणी लोकांनी डोळ्यांना, कपाळाला लावलं, त्याला गंधोदक म्हणतात. मी म्हटलं, आमच्या तीर्थासारखं. बाजूला पद्मावती होती, लुगडं नेसवलेली, ओटी भरलेली. "आमची अंबाबाईच की ही."

अण्णा तिथं काही बोलले नाहीत. बाहेर मानस्तंभाजवळ, बस्तीपुढच्या दगडी खांबापाशी आल्यावर म्हणाले, "तात्या, विचारता तुम्हीच अन् उत्तर देता पण तुम्हीच. मग मी कशाला हवा?"

ते मला लागलं, पण खरं होतं. 'आमच्यात पण असंच आहे' हे वाक्य म्हटलं की ऐकणं थांबतं. सगळे धर्म शेवटी एकच, असं आपण मोठ्या मनानं म्हणतो. त्यात मोठं मन किती आणि कंटाळा किती, हे ज्याचं त्यानं बघावं. माझ्यात कंटाळा जास्त होता. त्या दिवसापासून ते वाक्य तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं. पाळायला फार जड गेलं.

मग खरं कळायला लागलं. पद्मावती ही पार्श्वनाथांची यक्षी, शासनदेवता. ती तीर्थंकर नव्हे, मोक्ष तिच्या हातात नाही. तीर्थंकर चोवीस, पहिले आदिनाथ, शेवटचे महावीर. म्हणजे महावीरांनी जैन धर्म स्थापन केला हे आपण शाळेत लिहून मार्क मिळवले, ते त्यांच्या दृष्टीनं चूक. आणि जग कुणी निर्माण केलं, असं मी विचारल्यावर अण्णा म्हणाले, "कुणी नाही. ते होतंच, राहीलच."

"मग मूर्तीपुढं मागायचं कुणाकडं?"

"मागायचं नाही."

"न मागता कसं?"

"ते कुणाला काही देत नाहीत की. सुटलेत ते. देणं-घेणं राहिलेल्याला देव कसं म्हणायचं? त्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून नमस्कार."

मी विठोबाला काय काय मागितलंय त्याची यादी डोळ्यांपुढून गेली. बदली नको, मुलीचं लग्न, गुडघा. णमोकार मंत्राचा अर्थ लावून घेतला तर त्यात एकही नाव नाही. अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना आणि जगातल्या सर्व साधूंना. मागणी शून्य. भाषा प्राकृत, म्हणून आपल्या कानाला ती संस्कृतापेक्षा जवळची लागते. या प्राकृताचे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये आमच्या शेजारच्या सदलग्याचे, जन्म १९०६. पुढं १९४६ साली दिगंबर मुनी आचार्य विद्यासागर जन्मले तेही सदलग्यातच. आणि दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर भोजचे, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचे. उत्तरेकडून लोक ही गावं बघायला येतात. मी तिथं टपाल टाकत होतो.

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती आणि मी ती विचारली. नांगराखाली किडे मरतात, तंबाखूवर औषध मारता, मग अहिंसा कुठं राहिली? शेतकऱ्याला हा प्रश्न विचारणं जरा उद्धटपणाच होता. अण्णांनी बोटं मोजली. ठरवून, मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी हिंसा. घरकामात, चुलीत, झाडण्यात होते ती आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी. कुणी अंगावर आला तर स्वतःला वाचवताना होते ती विरोधी. गृहस्थानं पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन जमतील तेवढ्या कमी करायच्या. मुनींनी चारही. "शेती करतो ते पाप नाही असं मी म्हणत नाही तात्या. हिशेबात आहे ते. म्हणून तर हे दहा दिवस." मला वाटलं होतं ते काहीतरी पळवाट सांगतील. सांगितला तो हिशेब.

पुढच्या वर्षी चातुर्मासाला गावात एक मुनी राहिले. मी लिहायला बसलो तो खरं तर या एका सकाळीसाठी.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात. अन्न-पाणी दोन्ही त्याच वेळी. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. भांडं नाही, ताट नाही, उभ्यानं, ओंजळीत. कुणाच्या घरी जायचं ते आधी ठरत नाही. ते मनात एखादा नियम धरून निघतात, अमुक दिसलं तर थांबायचं, आणि तो नियम कुणाला सांगत नाहीत. त्यामुळं गल्लीत पाच-सहा घरं चौका, म्हणजे आहाराचं सोवळं स्वयंपाकघर, लावून तयार असतात. आक्का पहाटे तीनपासून सोवळ्यात होत्या. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळलं, त्या कापडातले जीव पुन्हा विहिरीतच अलगद सोडले, मग पाणी उकळलं. पीठ त्याच दिवशी जात्यावर दळलेलं. मला चौक्यात जायची परवानगी नव्हती. सोप्याच्या खांबाला टेकून बसा, म्हणाले. पुन्हा उंबऱ्याबाहेरच, पण या वेळी दार उघडं होतं.

साडेनऊच्या सुमारास ते आले. डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, उजव्या हाताची बोटं मिटून खांद्याला लावलेली. ती खूण असली की समजायचं, आहाराला निघालेत. दारोदार लोक कलश-नारळ घेऊन उभे, "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ". दोन घरं सोडून ते अण्णांच्या दारात थांबले. अण्णांचे हात थरथरत होते, कलशातलं पाणी हिंदकळलं. प्रदक्षिणा झाल्या, पाय धुतले, अष्टद्रव्यांची पूजा झाली. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे, असं घरच्यांनी एकेकानं म्हटलं. मग मुनी उभे राहिले आणि ओंजळ पुढं केली.

आधी पाणी. मग दूध. मग भात. प्रत्येक घास ते अंगठ्यानं चाचपून, निरखून बघत होते. पाचवा की सहावा घास असेल. अंगठा थांबला. ओंजळ त्यांनी तशीच खाली ठेवलेल्या भांड्यात सोडली. भातात केस निघाला होता.

संपलं. त्याला अंतराय म्हणतात. मी खांबापासून उठलोच. "दुसरा भात घाला की, केस काढून टाका," असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण चौक्यात कुणी तसं म्हणालं नाही. मुनींनी हात धुतले, खाली बसले, काहीतरी पुटपुटले आणि पिंछी-कमंडलू उचलून आले तसे निघून गेले. ना कपाळाला आठी, ना पावलात घाई. चार घोट पाणी आणि पाच घास, पुढं चोवीस तास. आक्का चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून रडत होत्या.

दुपारी अण्णांना विचारलं, दोष कुणाचा? म्हणाले, आक्का स्वतःचा म्हणते, पण महाराज म्हणतील त्यांच्याच लाभांतराय कर्माचा, म्हणजे मिळणारं अडवणाऱ्या कर्माचा. त्या घरात त्या दिवशी मोठी माणसं कुणीच जेवली नाहीत. मीही घरी येऊन ताटावर बसलो तेव्हा भातात बोट घालून बघितलं. हसू नका, आजही बघतो.

एवढं झाल्यावर बाकीची दारंही खुणावायला लागली, पण तिथं मी अण्णांसारखा मुरलो नाही.

शिंपीकाम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडं टपालातल्या एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. रमजानात मनिऑर्डरी वाढायच्या, आणि फॉर्मवर संदेशाच्या जागी काही लिहू नका म्हणायचे. चाचा म्हणाले, ती जकात. वर्षभर साठून राहिलेल्या पैशावर, सोन्या-चांदीवर अडीच टक्के, ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर. दान नव्हे ते. गरिबाचा हक्कच आपल्याकडं राहिलेला असतो, तो परत करायचा. मग उपकाराचा संदेश कशाला लिहायचा? आणि रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसात का येतो तेही कळलं. त्यांचं वर्ष चंद्राचं, अधिक मास नाही, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतं. मी मात्र चाचांपुढं मोहरमची फुशारकी मारली. आमच्या गावात पंजे बसतात, खत्तलरात्रीला, म्हणजे मोहरमच्या शेवटच्या रात्री, लहानपणी मी पंजा धरून अलाव्यातल्या आगीभोवती नाचलोय, म्हणजे तुमचा धर्म मला घरचाच. चाचा थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "आम्ही ताबूत मानत नाही, तात्या. मशिदीत जातो, रोजा धरतो. ते तुमच्या गावाचं आहे, इस्लामचं म्हणून विचाराल तर वेगळं सांगावं लागंल." पंजे धरणारे मुसलमानही आहेत आणि चाचाही आहेत. एकाला विचारून सगळ्यांचं कळलं असं होत नाही, हे तिथं कळलं.

लिंगायतांचं कळायला भाषा आडवी आली. बसवण्णांची वचनं बाराव्या शतकातल्या कानडीत. मला पत्ता वाचता येत होता, वचन वाचता येत नव्हतं. एका निवृत्त कानडी गुरुजींनी ओळीवर बोट ठेवून काही वाचून दाखवली. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं आणि पूजा केली ती माझ्यासमोर, खुर्चीतच, देवघरात न जाता. लिंग अंगावर असताना देऊळ कशाला? मला तुकोबा आठवले, जीभ वळवळली, पण गप्प बसलो. लिंगायत हा वेगळा धर्म की नाही, यावर २०१८ मध्ये केवढा गदारोळ झाला होता. गुरुजींना विचारलं तर त्यांच्याच घरात दोन मतं निघाली, बाप-लेकाची. चहा गार होईपर्यंत ते कानडीत भांडले आणि मी जितकं समजलं तितकं समजून घेतलं.

मध्ये एकदा अण्णांना घेऊन बेळगावला डोळ्यांच्या तपासणीला गेलो होतो, तेव्हा किल्ल्यात कमल बस्ती पाहिली. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. मूर्ती नेमिनाथांची. मुखमंडपात छताला उलटं उमललेलं दगडी कमळ आहे. अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना धूसर दिसत होतं, म्हणून मी पाकळ्या मोजून सांगत होतो आणि मध्येच चुकत होतो. "बहात्तर," ते म्हणाले. "मागच्या काळातले चोवीस, आत्ताचे चोवीस, पुढचे चोवीस." पुढचेही ठरलेत? "काळ गोल फिरतो की. येतील." किल्ल्यातच दुर्गेचं देऊळ आहे, सफा मशीद आहे. ऊन वाढलं होतं, आम्ही सरळ स्टँडवर आलो.

आता त्या पोस्टकार्डांचं. हल्ली कार्डं फारशी येत नाहीत, मोबाइलवर चित्रं येतात. अण्णा मात्र अनंत चतुर्दशी उलटली की स्वतः येतात, नेहमीच यायचे. हात जोडून म्हणायचे, "वर्षात काही चुकलं असंल तर क्षमा करा." आणि मी दरवर्षी म्हणायचो, "छे हो, काय झालंय? बसा की." बोलायला बरं असतं ते. आपल्यालाही काही मागावं लागेल, हा धोका त्यात नसतो.

गेल्या वर्षी ते आले तेव्हा मी 'छे हो' म्हणालो नाही. क्षमा केली, असं नीट म्हणालो. मग म्हटलं, "अण्णा, मलाही एक मागायचीय." वीसेक वर्षांपूर्वी चावडीशेजारच्या हॉटेलात, मुनी गावात आले होते तेव्हा, त्यांच्या नागवेपणावर मी एक विनोद केला होता. घाणेरडा. दहा-बारा जण हसले होते. नंतरही दोन-तीन ठिकाणी मी तो सांगितला, कारण पहिल्यांदा चांगला रंगला होता. आणि गळ्यात तेव्हाही माळ होतीच. हे सगळं मी मान खाली घालून सांगितलं.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ठाऊक आहे की," म्हणाले. "आमचा थोरला होता तिथं. त्याच रात्री त्यानं सांगितलं."

मला काही सुचेना. वीस वर्षं हा माणूस माझ्या दारात येऊन हात जोडत होता.

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन अजून समोरच्या कौलांवर होतं.

"चहा टाका तात्या," म्हणाले. "दिवस आहे अजून."